सगळं सोडून अरुणा

जुईनगरात कोणी वारलं की पहिला फोन डॉक्टरला जायचा आणि दुसरा श्यामसुंदर वेर्लेकरला. दाखला कुठून घ्यायचा, शववाहिनी कोणाकडे मागायची, तिरडीचं सामान वाशीत सकाळी सहाला कुठल्या दुकानात मिळतं, हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. आणि मयताचंच असं नाही. कोणाच्या मुलीचा कॉलेजप्रवेश, कोणाच्या सुनेचा पासपोर्ट, टाकीची गळती, गणपतीचा मांडव, कोणाच्या सासऱ्याचा मोतीबिंदू. सहकारी बँकेत नोकरी होती तोवर हा कारभार संध्याकाळी चालायचा. निवृत्त झाल्यावर दिवसभर चालू लागला. एकोणीस वर्षं सलग तो सोसायटीचा सेक्रेटरी होता. दोन पावलं टाकली की कोणीतरी हाक मारायचं, आणि हाक आली की त्याच्या चेहऱ्यावर असं काही तेज यायचं की जणू देवळात दिवा लागला.

अरुणा त्याची बायको. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. त्यातली पहिली दहा तिनं त्याची वाट पाहण्यात घालवली. ताट झाकून ठेवलं, नाटकाची तिकिटं फुकट घालवली, पार्थच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून ती अडवून धरली. मग एका वर्षी तिनं पिशवी मांडीवरच ठेवली आणि खुर्चीवर दुसरंच कोणी येऊन बसलं. भांडण झालं नाही, रडारड झाली नाही. बसची वाट बघून कंटाळलेला माणूस चालू लागतो, आणि अर्ध्या वाटेत त्याच्या लक्षात येतं की चालणं काही वाईट नाही, तसं तिचं झालं.

पार्थ शिकून बंगलोरला गेला, तिथंच स्थिरावला. अरुणाच्या हाताशी वेळच वेळ राहिला आणि तिनं तो आपल्या मनानं भरला. बुधवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये कॅरम. जोडीला शेजारच्या इमारतीतल्या संघमित्रा मॅडम, पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. दोघी मिळून कॉलेजातल्या पोरांनाही हरवायच्या. आणि अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास करावे गावची खाडी.

खाडीची ओढ पुतळानं लावली. पुतळा करावेची कोळीण. मागच्या गल्लीत पाटी घेऊन बसायची. अरुणाचं माहेर मालवणकडचं. एकदा तिनं कालवं, खडकाला चिकटलेले शिंपले, मागितली तेव्हा पुतळा म्हणाली, "कालवा पायजेत तर सोता येऊन फोड. मी घरपोच देत नाय." थट्टाच होती, पण पुढच्या अमावस्येला पहाटेची बस पकडून अरुणा खरंच करावेला हजर झाली. साडीचा काचा मारून, हातात लोखंडी आकडी घेऊन, ओहोटीत उघड्या पडलेल्या दगडांवर वाकली. पहिल्या दिवशी गुडघ्यापर्यंत रुतली, तळपाय कापला, आणि घरी येताना बसमध्ये लोक तिच्यापासून लांब सरकून उभे राहिले. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत श्यामसुंदरनं एकदाही विचारलं नव्हतं की ही कालवं कोण फोडतं नि ती येतात कुठून. आवडीनं खायचा मात्र.

जानेवारीतल्या एका बुधवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला अरुणाच्या डाव्या हातातून दुधाचं पातेलं सुटलं. ती खाली बघायला गेली आणि खालीच राहिली. स्वयंपाकघराच्या फरशीवर दूध पसरत तिच्या गालापर्यंत आलं, ते कोमट होतं हे तिला कळत होतं. डावं अंग मात्र तिचं उरलं नव्हतं. श्यामसुंदर सी विंगमधल्या कोणाला तरी मुतखड्यासाठी दवाखान्यात घेऊन गेला होता. मोबाइल अरुणाच्या गाऊनच्या खिशात होता. उजव्या हातानं तिनं तो काढला आणि पुतळाला लावला. तोंडातून शब्द नीट निघेना. पुतळानं दोनदा "कोन, वयनी?" विचारलं आणि पाटी शेजारणीवर टाकून धावत सुटली. कचरा घेणारी बाई यायची म्हणून दार नुसतं लोटलेलं होतं. पुतळानं वॉचमनला वर बोलावलं, दोघांनी अरुणाला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोन जिने उतरवलं, आणि रिक्षात पुतळानं तिचं डोकं आपल्या मासळीच्या वासाच्या पदरात धरून ठेवलं.

वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. रक्ताची गाठ विरघळली. बोलणं दोन दिवसांत परत आलं, पाय आठवड्यात. डाव्या हाताची पकड तेवढी कच्ची राहिली.

श्यामसुंदर दुपारी दोनला पोचला. त्याच्या फोनची बॅटरी सकाळीच उतरली होती. नर्सनं अरुणाचा मोबाइल त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "सोडतच नव्हत्या हो हातातून." बस. तेवढ्या एका वाक्यावर त्यानं अख्खा प्रसंग मनात रचला. बायको फरशीवर पडलेली आहे, आपला नंबर पुन्हा पुन्हा लावते आहे, आणि आपण परक्याच्या मुतखड्यापाशी बंद फोन घेऊन बसलो आहोत. पुतळा वेळेवर कशी आली हे त्यानं तिला विचारलं नाही. कोळीण दारावर येतेच, असं तो धरून चालला. तो खाटेच्या कडेला बसून ढसाढसा रडला. "किती फोन केले असशील गं तू मला," तो म्हणत राहिला. अरुणाची जीभ तेव्हा जड होती. आणि हलकी असती तरी रडणाऱ्या माणसाला काय सांगायचं.

घरी आल्यावर त्यानं एक वही काढली. बँकेतली सवय, त्याला कागदावर उतरवल्याशिवाय काही सुचायचं नाही. आपल्यावर असलेली सगळी कामं त्यानं ओळीनं लिहिली. सत्तेचाळीस भरली. मग लाल पेन घेऊन एकेक खोडत गेला. सोसायटी, ज्येष्ठ नागरिक संघ, बँकेच्या पेन्शनरांचं मंडळ, गणपती, रक्तदान, भाचीच्या घटस्फोटाची मध्यस्थी, मावसभावाच्या जमिनीची केस. ज्यांना शब्द दिले होते त्यांना फोन करून शब्द परत घेतले. भाची फोनवर रडली. "माझा नाइलाज आहे," तो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर त्याला हलकं वाटल्याचं अरुणाला दिसलं. शेवटी पानाच्या तळाशी एकच ओळ उरली. त्यानं वही तिच्यापुढे धरली. तिथं तिचं नाव होतं.

फेब्रुवारीत सोसायटीच्या सभेत त्यानं राजीनामा दिला. शाल, श्रीफळ झालं. अरुणालाही व्यासपीठावर बसवलं होतं, डावा हात पदराखाली झाकून. श्यामसुंदर बोलायला उभा राहिला. "आजवर मी सगळ्यांचा होतो," तो म्हणाला. "माणूस धावत सुटतो आणि ज्याच्यासाठी धावायचं तेच मागे राहतं. आता माझ्याकडे एकच काम आहे. अरुणा." टाळ्या पडल्या. बायका डोळे पुसत होत्या. नवा सेक्रेटरी बाजीराव घाडगे वाकून तिच्या पाया पडला. खाली उतरल्यावर जो तो तिला सांगत होता की नशीब काढलंत वहिनी, असा नवरा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.

आणि खोटं कशाला बोला, पहिले पंधरा दिवस अरुणालाही तसंच वाटलं. सकाळी उठावं तर चहा तयार. तो समोर बसायचा, पेपरातली बातमी वाचून दाखवायचा, तिची वेणी घालायचा प्रयत्न करायचा आणि गुंता करून ठेवायचा. सदतिसाव्या वर्षी जे मागून थकली होती ते एकसष्टाव्या वर्षी पुढ्यात आलं होतं. शिळं असलं तरी पक्वान्न होतं. तिनं ते खाल्लं.

मग फ्रिजवर वेळापत्रक लागलं. साडेसहा उठणं, सात प्राणायाम, साडेसात गोळी, आठ नाश्ता, हाताचे व्यायाम पन्नास, विश्रांती. न्हाणीघराची आतली कडी त्यानं काढून टाकली. आत पडलीस तर, म्हणाला. ती अंघोळीला गेली की तो बाहेर स्टूल टाकून बसायचा आणि मधून मधून विचारायचा, "ठीक ना?" उत्तराला उशीर झाला की दार ढकलायचा. जेवणातलं मीठ गेलं, मग मासळी गेली. तिच्या मोबाइलमधले ग्रुप एका दुपारी गायब झाले. "नुसतं टेन्शन," तो म्हणाला. "कोण आजारी, कोण गेलं. तुला कशाला हवं ते?" मागच्या बाल्कनीतली आकडी आणि चिखलातले बूट भंगारवाल्यानं नेले. तिनं विचारलं तेव्हा त्यानं तिच्या डाव्या हाताकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात माया होती, म्हणून तिला काही बोलता आलं नाही.

फोन तोच उचलू लागला. "ती विश्रांती घेते आहे," हे वाक्य अरुणा पलंगावर टक्क जागी बसून ऐकायची. संघमित्रा मॅडमनी चार-पाच वेळा करून पाहिला. एकदा त्या दारापर्यंत आल्या तेव्हा त्यानं हात जोडले.

"मॅडम, राग मानू नका. माणसं आली की ती बोलते, बोलली की दमते."

"अहो, मी तिला बोलवायलाच आलेय. बुधवारचा कॅरम. बोटांना व्यायाम पण होईल."

"कॅरम ना? मी आणतो."

आणि त्यानं खरंच आणला. नवा कोरा, पॉलिशचा वास मारणारा. दुपारी चार ते पाच. अरुणाचा उजवा हात शाबूत होता, नेमही शाबूत होता. पण तो मुद्दाम चुकायचा. हातातली सोपी सोंगटी सोडायचा, राणीच्या आसपास स्ट्रायकर फिरवून हसायचा आणि म्हणायचा, "घे, जिंकलीस." पोराला खेळवावं तसं. तिसऱ्या दिवशी अरुणानं मुद्दाम सगळे नेम चुकवले. मग दोघंही चुकत राहिले आणि डाव संपेचना. पाच वाजले तशी त्यानं घड्याळाकडे पाहून सोंगट्या डब्यात भरल्या.

पार्थचा फोन रविवारी यायचा, स्पीकरवर. एकदा श्यामसुंदर दूध आणायला खाली गेलेला असताना आला, तेव्हा ती म्हणाली, "पार्थ, मला घुसमटायला होतं रे."

"डॉक्टरला सांगितलंस?"

"तसं नाही. बाबा सारखे..."

"आई," तो म्हणाला, "बाबांनी अख्खं आयुष्य तुझ्यासाठी बाजूला ठेवलंय. आयुष्यभर हेच म्हणायचीस ना, की घरात नसतात? आता आहेत तर तेही नको?"

याला तिच्यापाशी उत्तर होतं, पण ते मुलाला देण्यासारखं नव्हतं.

एप्रिलमध्ये एक सकाळ अशी झाली. ती अंघोळ करत होती, बादलीत नळ सोडलेला होता. बाहेर बेल वाजली. दारात बोलणं झालं. एक आवाज श्यामसुंदरचा, दुसरा बाईचा, खडा. पाण्याच्या आवाजात शब्द कळले नाहीत, पण आवाज कोणाचा ते कळलं. अरुणानं नळ बंद करायला हात पुढे केला. मग तिच्या मनात आलं, नळ बंद केला तर तो विचारील, ठीक ना, आणि दार ढकलील. मग या ओल्या अंगानं बाहेर जायचं, त्याच्याशी वाद घालायचा, पुतळाच्या देखत. तिनं हात मागे घेतला. बाहेर आल्यावर विचारलं, "कोण होतं?"

"कुरियर," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली.

तीन आठवड्यांनी तो तिला गच्चीवर फिरवत होता. रोज वीस फेऱ्या. तो बरोबर चालायचा आणि मोठ्यानं मोजायचा. चौदावी फेरी चालू असताना संघमित्रा मॅडम जिन्यातून वर आल्या. बेत करूनच आल्या असाव्यात. श्यामसुंदरकडे न बघता त्या सरळ अरुणापुढे उभ्या राहिल्या.

"प्रियाच्या लग्नाला का नाही आलीस?"

प्रिया म्हणजे पुतळाची नात. तिला दहावीचं मराठी अरुणानं शिकवलं होतं, करावेच्या ओटीवर बसून, कालवांच्या कवचांचा ढीग बाजूला सारून.

"लग्न झालं?" अरुणानं विचारलं.

"मागच्या मंगळवारी. पुतळा पत्रिका घेऊन तुझ्या घरी आली होती की. मांडवात तुझ्यासाठी मानाची साडी ठेवली होती तिनं. शेवटपर्यंत कोणाला दिली नाही."

श्यामसुंदर म्हणाला, "पंधरा." मग थांबला.

अरुणा उरलेल्या फेऱ्या न घालताच खाली आली आणि जेवायला बसली. त्यानं ताट वाढलं, दुधीची अळणी भाजी, दोन फुलके. समोर बसला.

"पुतळा आली होती," ती म्हणाली.

"हो. म्हटलं, तो डीजे, ती गर्दी, उन्हाचं हळदीला बसायचं. तुझं बीपी..."

"मला कुरियर म्हणालात."

"तुझ्या भल्यासाठीच ना? अरुणा, मी सगळं सोडलं. तुझ्याशिवाय आता मला दुसरं काही नाही."

"मला आहे," ती म्हणाली.

तो क्षणभर गोंधळला. मग त्यानं आपलं जुनं, हमखास दुःख बाहेर काढलं. डोळे भरून आले. "तू काय वाटेल ते बोल. तुला हक्क आहे. त्या दिवशी तू फरशीवर पडून मला किती फोन केले असशील, ते माझ्या..."

"एकही नाही."

"काय?"

"तुम्हाला एकही नाही केला. पुतळाला केला. एकच. तिनं उचलला."

फुलक्याचा तुकडा त्याच्या बोटांत तसाच राहिला. "माझा लागला नाही म्हणून..."

"तुमचा लावलाच नाही." इथं थांबता आलं असतं. थांबावं असं तिला वाटलंही; समोरच्या माणसाचा चेहरा ओल्या कागदासारखा होत चालला होता, ते ती बघत होती. पण चार महिन्यांत पहिल्यांदा या घरात तिला कोणी मधे तोडत नव्हतं. "आठवण असून लावला नसता तर तो राग झाला असता. राग नव्हता हो. तुम्ही आठवलातच नाही. वॉचमन आठवला, संघमित्रा आठवली, पुतळा आठवली. चालूच राहिला की काय म्हणून गॅस आठवला. तुम्ही नाही."

श्यामसुंदरनं ताट उचललं, मोरीत नेऊन धुतलं, तिचंही नेलं. हात पुसून आला, गोळ्यांच्या डबीतून दुपारची गोळी काढली आणि तिच्या तळहातावर ठेवली. "पाण्याबरोबर घे," म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. तो आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला, तो दिवेलागणीपर्यंत उठला नाही.

त्या संध्याकाळी पार्थचा फोन आला, वार रविवार नसताना. "आई, बाबांना काय बोललीस तू? माझ्याशी बोलताना रडत होते."

"खरं ते बोलले."

"पण या वयात खरं बोलायची गरज काय होती?" तो म्हणाला. आणि मग तिला सांभाळून राहायला सांगून त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवरचं वेळापत्रक नव्हतं. न्हाणीघराला नवी कडी लावलेली होती. श्यामसुंदरनं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि खाली सोसायटीच्या ऑफिसात गेला. ऑफिसाचं दार उघडं होतं, अरुणा बाल्कनीतून बघत होती. बाजीरावनं उठून त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. चहा संपला तरी श्यामसुंदर बसून होता. टाकीचं काय झालं, लिफ्टच्या परवानगीचं काय झालं, असं विचारत असावा. बाजीरावनं मोबाइल पुढे धरून त्याला काहीतरी दाखवलं. जिना चढून वर आल्यावर त्यानं आपणहून सांगितलं. "सगळं ॲपवर आहे म्हणाला. काका, तुम्ही आता मस्त आराम करा म्हणाला."

आठवड्याभरात डी विंगमधले नाडकर्णी वारले. श्यामसुंदर अनवाणीच धावला. पण तिथं एका कंपनीची गाडी उभी होती. निळ्या शर्टातली चार माणसं सगळं सामान घेऊन आली होती, भटजीसकट. त्यांच्यातल्या एकानं श्यामसुंदरला नम्रपणे भिंतीपाशी सरकायला सांगितलं. तो इतरांसारखा हात जोडून उभा राहिला. भाचीला त्यानं फोन केला तेव्हा तिनं सांगितलं की घटस्फोट मार्चमध्येच झाला, मामा, आता काही नको. ज्येष्ठ नागरिक संघात त्याच्या जागी दुसरा कोषाध्यक्ष बसला होता. सेहेचाळीस दारं त्यानं आपल्या हातानं लावली होती आणि आतल्या माणसांनी कुलपं बदलली होती. दुपारी तो इमारतीखालच्या बाकावर बसू लागला. जाणारे येणारे म्हणायचे, "काय काका, वहिनी बऱ्या?" तो म्हणायचा, "एकदम."

अरुणाला वाईट वाटत नव्हतं असं नाही. बाकावरचं त्याचं टक्कल वरून दिसायचं. उन्हानं लाल झालेलं. दोनदा ती हाक मारायला बाल्कनीच्या कठड्यापर्यंत गेली. पण हाक मारली तर तो वर येईल, आणि वर आला की पुन्हा तिच्यापाशीच बसेल, या विचारानं ती मागे फिरली.

एका सकाळी ती एकटी बसनं करावेला गेली. पुतळा ओटीवर बसून कोलंबी सोलत होती. अरुणाला बघून तिचा हात थांबला नाही.

"बस," ती म्हणाली.

अरुणा बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "मला कळलंच नाही गं. कुरियर म्हणाले."

"मी दारान हुबी व्हती," पुतळा म्हणाली. "आत नलाचा पानी वाजत व्हता. मी मोठ्यान बोलली, मुद्दाम. तुना माजा आवाज आला नाय?"

नाही म्हणणं सोपं होतं. पुतळानं ते मानलंही असतं. अरुणा म्हणाली, "आला."

पुतळानं मान हलवली. सोललेल्या कोलंबीतली एक उचलून तिनं पाटीत टाकली, मग दुसरी. "तुज्या नवऱ्याचा मना काय नाय," ती म्हणाली. "तो सायेब हाय. त्यानं दार लावला तं लावला. तू नल बंद नाय केलास."

मानाची साडी तिनं काढून दाखवली नाही, नि अरुणानंही विचारलं नाही. प्रिया उरणला सासरी गेली होती. चहा आला तो कपात आला. पूर्वी एकाच पितळीत दोघी ओतून घ्यायच्या. निघताना पुतळा पाठमोरीच म्हणाली, "पुनवेला ओहोटी सकालची हाय. येवाचा तं ये. आकडी माजी देईन."

पौर्णिमेला अरुणा गेली. घरातून निघताना श्यामसुंदर म्हणाला, "मी सोडायला येऊ?" ती म्हणाली, "नको." त्यानं पुन्हा विचारलं नाही.

खाडी मागे हटली होती, दगड उघडे पडले होते. अरुणाचा डावा हात दगड धरू शकत नव्हता आणि धरल्याशिवाय उजव्या हातानं घाव बसत नव्हता. तीन वेळा आकडी निसटली. मग पुतळानं न बोलता तिच्या हातातून ती घेतली आणि भांडं दिलं. पुतळा फोडत होती, अरुणा वेचत होती. अकरा वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी तळपाय कापल्यावर तिला हेच काम दिलं होतं. उन्हं वर आली. पूर्वी या वेळेला पुतळा सुनांच्या कागाळ्या सांगायची. आज ती भरती कधी लागेल एवढंच बोलली.

पुतळानंच आधी त्याला पाहिलं. "तो बघ, तुजा मानूस."

बांधावर श्यामसुंदर उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात पाण्याची बाटली आणि गोळ्यांची डबी. मागच्या बसनं आला असावा. चिखलात उतरायचं कसं ते त्याला कळत नव्हतं. एक पाऊल टाकायचा आणि मागे घ्यायचा.

"बोलव त्याला," पुतळा म्हणाली. "कवाचा उन्हान हुबा हाय."

"राहू दे."

पुतळानं तिच्याकडे नीट पाहिलं. त्या दिवसातलं पहिलंच पाहणं. "तू पन त्याच्यावानीच झालीस गं वयनी," ती म्हणाली आणि पुढच्या दगडाकडे वळली.

पाणी चढू लागलं तशा दोघी बाहेर आल्या. अरुणा त्याच्यापाशी थांबली. त्यानं बाटलीचं झाकण काढून दिलं. ती प्यायली, गोळी घेतली, बाटली परत दिली. "तुम्ही घरी जा," ती म्हणाली. "मी पुतळाकडे जेवून येईन."

"किती वाजता?"

"येईन."

"मग मी काय करू तोवर?"

तो रागानं विचारत नव्हता, टोमणाही मारत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. अरुणानं भांडं कमरेवर घेतलं आणि पुतळाच्या मागोमाग गल्लीत शिरली.

वळणावरून तिनं एकदा मागे पाहिलं. बांधावर एक म्हातारा कोळी सुकत टाकलेलं जाळं गोळा करत होता. श्यामसुंदर त्याच्याजवळ गेला होता, काहीतरी बोलत होता. मग त्यानं बाटली खाली ठेवली आणि जाळ्याचं दुसरं टोक हातात धरलं. म्हाताऱ्यानं वर बघून मान हलवली, जवळ येऊन ते टोक त्याच्या बोटांतून सोडवून घेतलं, आणि पुन्हा आपल्या कामाला लागला.